विश्लेषण : इसबगोल पाण्यात, ताकात की दुधात? आणि ‘एक चमचा’ म्हणजे नेमका किती?

पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी या धानपट्ट्यातल्या कोणत्याही औषध दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वस्तूंमध्ये इसबगोलचा डबा असतोच. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ते ‘पोट साफ व्हायचे’ औषध. गेल्या दोन-तीन वर्षांत तेच इसबगोल मोबाइलवर नव्या नावाने परतले आहे. समाजमाध्यमांवरील रिल्समध्ये त्याला ‘गरिबांचे ओझेम्पिक’ म्हणतात, लिंबूपाण्यात ढवळून घेतले की पोटाचा घेर उतरतो असे सांगतात. आजोबांचा डबा आता नातवाच्याही हाती आला आहे, पण डब्यामागची बारीक अक्षरे दोघांपैकी कोणीच वाचलेली नसतात. इसबगोल हा तसा निरुपद्रवी पदार्थ. तरीही तो चुकीच्या पद्धतीने घेतला तर घशात अडकू शकतो, औषधांचा परिणाम कमी करू शकतो आणि कधी कधी ज्यासाठी घेतला तोच त्रास वाढवू शकतो. त्यामुळे तो कशात, किती आणि केव्हा घ्यायचा, हे नीट समजून घ्यायला हवे.

इसबगोल म्हणजे नेमके काय?

‘प्लांटागो ओव्हाटा’ या छोट्या झुडपाच्या बियांवरचे पातळ, पांढरट टरफल म्हणजे आपण डब्यातून घेतो ती इसबगोलची भुशी. नाव फारसीतून आले. ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान. बी भिंगातून पाहिली तर घोड्याच्या कानासारखी दिसते म्हणून हे नाव. रब्बीत ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरणी आणि फेब्रुवारी-मार्चला काढणी असे हे पीक आहे. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश ही त्याची मुख्य राज्ये. गुजरातमधील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ, तर सिद्धपूर हे भुशी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचे गाव. जगात सर्वाधिक इसबगोल भारतात पिकते आणि भारतच सर्वाधिक निर्यात करतो. अमेरिका हा मोठा ग्राहक आहे. तिथे ‘मेटाम्युसिल’ या नावाने ते १९३०च्या दशकापासून विकले जाते. २०२३ मध्ये एनसीडीईएक्स या कृषी वायदे बाजारातही इसबगोलच्या बियांचे व्यवहार सुरू झाले.

आपल्याकडे हे पीक का नाही, असा प्रश्न धानाच्या शेतकऱ्याला पडू शकतो. पीक पक्व होताना कोरडी, निरभ्र हवा लागते. काढणीच्या तोंडावर एक सर आली तरी बी झडते आणि भुशी फुगून खराब होते. फेब्रुवारी-मार्चमधला विदर्भातला अवकाळी पाऊस आणि गारपीट आठवली की उत्तर आपोआप मिळते.

एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. सरबतात टाकतो तो काळा सब्जा म्हणजे इसबगोल नव्हे, ती तुळशीच्या जातीतल्या एका झाडाची बी. चिया आणखी वेगळी. आपल्याकडच्या चटणीतला जवससुद्धा भिजवल्यावर बुळबुळीत होतो, त्यामुळे गुणाने तो इसबगोलच्या बराच जवळचा, पण त्यात तेलही भरपूर असते. या सगळ्यांचे प्रमाण आणि परिणाम वेगवेगळे आहेत.

पोटात गेल्यावर ते काय करते?

इसबगोलमध्ये अराबिनोझायलन नावाचा तंतुमय घटक असतो. तो पाणी ओढून घेतो आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट फुगून त्याची जेली होते. लहान आतड्यात तो पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू बहुतेक विद्राव्य तंतू खाऊन टाकतात, पण इसबगोलला ते फारसा हात लावत नाहीत. म्हणून धरून ठेवलेले पाणी शेवटपर्यंत टिकते, मळ मऊ राहतो आणि पुढे सरकायला सोपा जातो.

याच गुणामुळे ते दोन्ही बाजूंनी काम करते. मळ कोरडा असेल तर पाणी पुरवते आणि पातळ असेल तर जादा पाणी शोषते. ‘जुलाबावर दह्यातून, बद्धकोष्ठावर दुधातून’ हा आजीचा नियम ऐकायला परस्परविरोधी वाटतो, पण त्यामागे एकच जेली आहे. मात्र इथे सावध राहायला हवे. उलट्या-जुलाब लागले असताना शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात, ते इसबगोल भरून काढत नाही. तिथे पहिला इलाज ओआरएस, आणि लहान मुलांसाठी सोबत झिंक.

बाजारातल्या ‘पोट साफ’ चूर्णांपेक्षा ते वेगळे कसे, हेही लक्षात घ्यावे. अशा अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारल्यासारखी चालवते, सकाळी मुरडा येऊन पोट मोकळे होते. इसबगोलचा परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात. रात्री घेतले आणि सकाळी काही झाले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेणे, ही त्यामुळेच सर्रास होणारी चूक आहे. काही डब्यांत इसबगोल आणि सोनामुखी एकत्र असतात. समोर मोठ्या अक्षरांत इसबगोल लिहिलेले असते, सोनामुखी मागे घटकांच्या यादीत. डबा उलटा करून पाहायला हवा.

पाणी, ताक, दूध की लिंबू सरबत?

खरे उत्तर असे आहे की पेय कोणतेही चालते, ते पुरेसे हवे. युरोपीय औषध संस्थेच्या मार्गदर्शक माहितीत दर १ ग्रॅम भुशीला किमान ३० मिलिलिटर पाणी असे प्रमाण दिले आहे. म्हणजे ५ ग्रॅमला किमान १५० मिलिलिटर. अमेरिकेच्या एफडीएने तर पाकिटावर पूर्ण पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर द्रवासोबत घ्या, अन्यथा गुदमरण्याचा धोका आहे, अशी सूचना छापणे बंधनकारक केले आहे. दाणेदार स्वरूपातले इसबगोल अन्ननलिकेत अडकल्याच्या तक्रारी आल्यानंतर २००७ मध्ये तिथे रेचक म्हणून तो प्रकारच नामंजूर झाला.

आपल्या घरात हे प्रमाण बिघडते ते फुलपात्रामुळे. फुलपात्रात मावते शंभर-सव्वाशे मिलिलिटर. त्यात दोन मोठे चमचे भुशी टाकली आणि ढवळत बसलो, की पिण्याऐवजी गिळायची वेळ येते. हा मजकूर लिहिण्याआधी घरच्या ओट्यावर दोन भांडी मांडून पाहिली. एकात १०० मिलिलिटर पाणी आणि दोन मोठे चमचे भुशी, दुसऱ्यात २५० मिलिलिटर आणि एक चमचा. दहा मिनिटांनी पहिल्याची पतंगाला लावतात तशी खळ झाली होती, भांडे कलते केले तरी हलेना. दुसरे घट्टसर सरबतासारखे ओतता येत होते. हीच खळ पोटाऐवजी घशात तयार झाली तर काय होईल, हे सांगायला इंजिनीअरिंगची पदवी लागत नाही.

आमच्या आजोबांच्या बाबतीत ते झाले होते. सातूच्या पिठासारखा त्यांनी कोरड्या भुशीचा फक्का मारला आणि वरून दोन घोट पाणी प्यायले. छातीत काहीतरी अडकल्यासारखे झाले, लाळही गिळता येईना. दवाखान्यात नेईपर्यंत हळूहळू खाली सरकले, पण ती संध्याकाळ घर विसरलेले नाही. कोरडी भुशी तोंडात टाकून वरून पाणी पिणे, हा सर्वांत धोकादायक प्रकार. वृद्धांमध्ये तो सर्रास दिसतो.

तेव्हा पद्धत अशी : आधी मोठा पेला भरून घ्यावा, मग त्यात भुशी भुरभुरावी आणि लगेच ढवळून, घट्ट व्हायच्या आत, बसून किंवा उभ्याने प्यावे. आडवे पडून पिऊ नये. पेल्याच्या तळाशी राहिलेला गोळा चमच्याने खाण्यापेक्षा त्यात पुन्हा पाणी घालून ढवळावे. त्यानंतर आणखी अर्धा पेला पाणी प्यायले तर उत्तम. ओतताना पूड उडते, ती नाकात जाऊ देऊ नये. ही पूड रोज हाताळणाऱ्या परिचारिकांना आणि कारखान्यांतल्या कामगारांना तिची ॲलर्जी आणि दमा झाल्याच्या नोंदी आहेत.

पेयांची निवड यानंतरची गोष्ट. साध्या पाण्यात चव नसते, पण साखरही नसते. पातळ ताक आपल्याकडच्या उन्हाळ्याला आणि जिभेला दोन्हीला मानवते. मात्र ते खरोखर पातळ हवे, मठ्ठ्यासारखे घट्ट नको. लिंबू सरबत चालते, पण रोज दोनदा साखर घालून घेतले तर मधुमेही माणसाने एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने घालवले असे होते. चवीच्या तयार पाकिटांतही साखर असू शकते, तिचे प्रमाण पाहावे. गरम पेयात भुशी लवकर फुगते, म्हणून गरम दुधात टाकून ते निवण्याची वाट पाहणे चुकीचे. दूध न पचणाऱ्यांना दुधानेच गॅस होतात आणि बदनाम होते इसबगोल. अशांनी आठवडाभर पाण्यातून घेऊन पाहावे, दोष कोणाचा ते कळते. ज्वारीच्या पातळ आंबिलीतही ते ढवळता येते. पण आंबील रोज पिणाऱ्याला इसबगोलची गरज किती उरते, हा वेगळा प्रश्न. त्याकडे पुढे येऊच.

‘एक चमचा’ म्हणजे किती?

सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. भुशी हलकी असते. चहाचा छोटा चमचा सपाट भरला तर साधारण दीड-दोन ग्रॅम, मोठा चमचा भरला तर ५ ग्रॅमच्या आसपास. तीच भुशी दळून बारीक पूड केलेली असेल तर त्याच चमच्यात बरेच जास्त वजन मावते. म्हणजे दोन घरांतला ‘एक चमचा’ दुप्पट-तिप्पट फरकाचा असू शकतो. एकदा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आपला चमचा मोजून आणला, तर पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

बद्धकोष्ठासाठी प्रौढांना दिवसाला ७ ते ११ ग्रॅम, एक ते तीन वेळांत, असे प्रमाण युरोपीय औषध संस्था सांगते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तंतुमय पूरकांचा उपयोग दिवसाला १० ग्रॅमहून अधिक प्रमाणात आणि किमान चार आठवडे घेतल्यावर सर्वाधिक दिसला. उपयोगी ठरलेल्या तंतूंमध्ये इसबगोल पुढे होते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये दीर्घकालीन बद्धकोष्ठावर संयुक्त मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही तपासलेल्या तंतूंपैकी इसबगोलच परिणामकारक दिसते, कोंडा आणि इन्युलिनबद्दलचा पुरावा तोकडा आहे, असे नमूद आहे. ‘आम्ही घेतले, काही फरक पडला नाही’ असे म्हणणाऱ्यांनी बहुधा दोन ग्रॅम, तीन दिवस घेतलेले असते.

पण म्हणून पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेऊ नये. सवय नसलेल्या पोटात त्याने फुगारा येतो, गुडगुडते, जड वाटते. पहिला आठवडा एक छोटा चमचा दिवसातून एकदा, दुसऱ्या आठवड्यात दोनदा, मग पोटाचा कल पाहून वाढवत न्यावे. वाढवताना पाणीही वाढले पाहिजे. तेंदूपानाच्या हंगामात मे महिन्याच्या उन्हात जंगलात असणारा माणूस दिवसभरात घामावाटे किती पाणी घालवतो, याचा विचार करा. त्याने बाटलीभर पाण्यावर दिवस काढला आणि संध्याकाळी इसबगोल घेतले, तर आतड्यात फुगायला पाणी आणायचे कुठून? अशा वेळी मळ मऊ होण्याऐवजी घट्ट गोळा होऊन अडकू शकतो.

रात्री झोपतानाच घ्यायचे ना?

‘रात्री कोमट दुधातून’ हा महाराष्ट्रभरचा रिवाज. ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या इसबगोलच्या माहितीपत्रकांत मात्र नेमके उलटे लिहिलेले असते : झोपण्याच्या लगेच आधी घेऊ नका. कारण साधे आहे. आडवे झाल्यावर गिळलेले खाली सरकण्याचा वेग मंदावतो, आणि झोपेत आपण पाणी पीत नाही. इसबगोलला वेळेचे असे काही वेड नाही. ते गजराच्या घड्याळासारखे सकाळी सहाला काम करत नाही, त्यामुळे रात्रीच घेण्याने वेगळा फायदाही नाही. रात्रीच सोयीचे पडत असेल तर जेवणानंतर, झोपण्याच्या तास-दीड तास आधी घ्यावे आणि त्यानंतर थोडे हिंडावे-फिरावे. झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामात पहाटेपर्यंत जागणाऱ्यांचे तर वेळापत्रकच निराळे. त्यांनी सरळ दुपारी घ्यावे.

धानपट्ट्यात प्रश्न पोटाचा की ताटाचा?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे घटक-तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम पॉलिश तांदळात तंतुमय पदार्थ साधारण २.८ ग्रॅम, न सडलेल्या तांदळात ४.४ ग्रॅम, ज्वारीत १०.२ ग्रॅम, तर तूरडाळीत ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे अशी शिफारस केली.

आता पोंभुर्ण्याच्या ताटाचा हिशेब करू. दोन्ही वेळचा मिळून ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर ११ ग्रॅम तंतू. ४० ग्रॅम डाळीचे साडेतीन. वर थोडी भाजी. गाडी पंधरा-सोळाच्या आसपास अडकते. तेच ४०० ग्रॅम धान्य ज्वारीचे असते तर एकट्या धान्यातून ४० ग्रॅम मिळाले असते. रोज निव्वळ ज्वारी खा असे कोणी म्हणत नाही, पण एका वेळच्या दोन भाकरींनी, म्हणजे १०० ग्रॅम पिठाने, १० ग्रॅमची भर पडते. इसबगोलच्या मोठ्या चमच्यातून मिळतात साधारण ४.

यातला विरोधाभास ठळक आहे. धान आपल्या शेतात पिकते. गिरणीत त्याचा कोंडा निघतो आणि तेलासाठी किंवा ढोरांच्या खाद्यासाठी जातो. पांढरा तांदूळ घरी येतो. मग पोट कुरकुरले की शेकडो किलोमीटरवरच्या सिद्धपूरहून आलेली दुसऱ्याच एका झाडाची भुशी आपण डब्यातून विकत घेतो. हातसडीचा तांदूळ घराघरांतून गेला तो उगाच नव्हे. मुसळाने कांडण्याचे ते काम बायकांच्याच खांद्यावर होते, आणि ते परत आणा असे म्हणणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. पण गिरणीवाल्याला घरच्या धानाला कमी पॉलिश मारायला सांगता येते. लाखोळी, पोपटीच्या शेंगा, पावसाळ्यातला तरोटा, अंबाडी, वास्ते, जवसाची चटणी या गोष्टी इथल्या बाजारात आणि बांधावर आजही आहेत. लाखोळी तेवढी मर्यादेत, रोजचे मुख्य अन्न म्हणून नको. ज्यांच्या ताटात हे नियमित आहे त्यांना डब्याची गरज कमी पडावी. ज्यांना दात नाहीत, भाकरी चावत नाही, त्यांच्यासाठी डबा आहेच.

लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी काय करावे?

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न पुस्तकी नाही. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर महिलेला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. या गोळीने मळ काळा आणि घट्ट होतो. अनेक जणी त्याच कारणाने गोळी सोडतात, आणि आशाताईंना सांगायला लाजतात. अशा वेळी घरातली कोणी जाणती बाई इसबगोल सुचवते. सल्ला वाईट नाही. चूक होते ती दोन्ही एकत्र घेतल्याने. इसबगोलच्या जेलीत लोह अडकले तर ते शरीरात कमी शोषले जाते, म्हणजे ज्यासाठी गोळी घ्यायची तेच निसटते. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. गरोदरपणात सुरू करण्याआधी आरोग्य केंद्रात एकदा विचारावे.

हाच दोन तासांचा नियम इतर औषधांनाही लागू होतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी अंतर आणखी वाढवून चार तासांचे ठेवलेले बरे. फिट, हृदयविकार किंवा मानसिक आजारावरची काही औषधेही यात येतात, त्यामुळे अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना कल्पना द्यावी. मधुमेहींमध्ये इसबगोलने जेवणानंतरची साखर थोडी कमी वाढते. ते चांगलेच, पण इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू असतील तर डोस बदलावा लागू शकतो. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये शरीरातले पाणी कमी झाले की वेदनेचा झटका येण्याचा धोका असतो. त्यांनी कमी पाण्यात इसबगोल घेणे दुप्पट चुकीचे ठरेल.

खर्रा आणि ‘पोट साफ’ यांचे काय नाते?

‘सकाळी खर्रा खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे वाक्य या दोन जिल्ह्यांत न ऐकलेला माणूस सापडणे कठीण. त्यात तथ्याचा अंश आहे. निकोटीन आतड्याच्या हालचालीला चालना देते. पण शरीराला त्याची सवय लागते, आणि मग खर्रा सोडला की काही आठवडे खरोखर बद्धकोष्ठ होते. तंबाखू सोडतानाचे ते एक ओळखीचे लक्षण आहे. गडचिरोलीत २०१६ पासून राज्य शासन, ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहभागातून ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान सुरू झाले. अशा प्रयत्नांतून खर्रा सोडायला निघालेला माणूस पुन्हा वळतो, त्याच्या कारणांत हे सकाळचे अवघडलेपणही असते. ते तात्पुरते आहे आणि त्याला खर्ऱ्याशिवाय उपाय आहे, हे त्याला आधीच कळलेले बरे. चार-सहा आठवडे इसबगोल, भरपूर पाणी आणि सकाळी ठरावीक वेळी न घाईने बसणे, एवढ्याने बहुतेकांचे निभावते.

याला एक मोठी अट आहे. वर्षानुवर्षे खर्रा खाल्लेल्या अनेकांचे तोंड पुरते उघडत नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा ताठरते, आणि आजार वाढलेला असेल तर गिळायलाही त्रास होतो. घास अडकतो, पाण्याशिवाय उतरत नाही, असे ज्यांना जाणवते त्यांनी इसबगोल घेऊच नये. आधी तोंड आणि घसा तपासून घ्यावा. इसबगोलच्या पेल्यापेक्षा ती तपासणी कितीतरी तातडीची आहे, कारण त्या ताठरपणात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो.

‘गरिबांचे ओझेम्पिक’ हे खरे का?

नाही. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटले होते. ते औषध भूक नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करते. इसबगोल पोटात जागा व्यापते, त्याने थोडा वेळ भरल्यासारखे वाटते, इतकेच. भारतात २०२५ मध्ये मोंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने दाखल झाल्यापासून वजनाची चर्चा वाढली आणि त्या लाटेवर इसबगोलही स्वार झाले.

त्याचा खरा, मोजलेला फायदा वेगळाच आहे, पण त्यावर रिल्स निघत नाहीत. इसबगोलच्या जेलीत पित्ताम्ले अडकून बाहेर पडतात, ती पुन्हा बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे १० ग्रॅम इसबगोलने एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल सरासरी १३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतके कमी झाल्याचे दिसले. एफडीएने १९९८ मध्येच हृदयविकाराचा धोका कमी करण्याबाबतचा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. अर्थात, डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून त्या जागी इसबगोल घ्यावे, असा याचा अर्थ होत नाही.

कोणी घेऊ नये, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गिळण्याचा त्रास, आतड्यात अडथळा किंवा आतडे अरुंद झाल्याचे निदान, अचानक उठलेली पोटदुखी, उलट्या, पोट फुगून वायूही न सरणे, यांपैकी काही असेल तर इसबगोल नको. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण पाण्याच्या पेल्याशिवाय ते घेताच येत नाही. १२ वर्षांखालील मुलांनाही परस्पर देऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ‘सौम्य आहे’ म्हणून दिले जाते. त्यांच्यातच ते अडकण्याचा धोका जास्त असतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास लांबवली जाते. शौचातून रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ असे घरातच ठरते आणि इसबगोल सुरू होते. मळ मऊ झाल्याने मूळव्याधीला आराम पडतोही. पण रक्त पडण्याचे कारण आतड्याचा कर्करोगही असू शकतो, आणि मऊ मळामुळे तो आणखी काही महिने झाकलेला राहतो. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली आणि दोन-तीन आठवडे तशीच राहिलेली शौचाची सवय, रक्ताची कमतरता, यांपैकी एकही लक्षण दिसले तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून गरजेप्रमाणे चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी करून घ्यावी. रोवणी आटोपू दे, धान कापून होऊ दे, असे म्हणत हंगाम निघून जातो. डबा संपला म्हणून दुसरा आणायला निघालेल्या माणसाने निदान दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःला एवढे विचारावे, की हा कितवा डबा आहे.